कोंबड्या आणि भिंतीवरचा घास

आईचं वजन उतरत चाललं होतं, म्हणून मी कोंबड्या पाळल्या. हे मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, आणि ऑफिसात सांगितलं तेव्हा सगळे हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. आईचे ब्लाउज खांद्यावरून घसरत होते. दर पंधरा दिवसांनी मी सुईदोरा घेऊन ते आत घेत होते आणि दर वेळी शिवण आणखी थोडी आत सरकत होती.

मी मुळातच काळजी करणारी बाई. त्यात पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर तपासते. कुठे काय बिघडू शकेल ते बिघडायच्या आधी शोधायचं, याचाच मला पगार मिळतो. चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरच्या ऑफिसातून घरी येताना ही सवय तिथल्या खुर्चीवर ठेवून येता येत नाही. नवरा म्हणतो, पावसाचा अंदाज ऐकला की तू आधी होडी विकत घेशील. तो सिरुसेरीला नोकरीला जातो, घरी येतो, जेवतो आणि उशीला डोकं टेकताच घोरायला लागतो. असा माणूस घरात असला की त्याच्या वाट्याची काळजीसुद्धा आपल्यालाच करावी लागते.

वडील गेले त्याला तेव्हा सात-आठ महिने झाले होते. त्यांना मी दादा म्हणायचे. कराडजवळ आमचं गाव. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर तीन कावळे बसले होते, मान तिरकी करून बघत होते, पण खाली उतरायला एकही तयार नव्हता. चुलत्यांनी हात जोडून सांगितलं, शेत विकणार नाही. चुलतभावाने सांगितलं, देवळाची वर्गणी भरतो. शेवटी मला पुढे ढकललं. दादांना मी एकुलती एक. मी म्हटलं, "आईला मी घेऊन जाते. तिला काही कमी पडू देणार नाही." कावळ्यांनी तेही ऐकून घेतलं आणि बसून राहिले. ऊन डोक्यावर आलं तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि सगळे अंघोळी करून घरी आले. आई दारातच उभी होती. "शिवला का?" तिने एकेकाला विचारलं. सगळ्यांनी हो म्हटलं, फक्त तिच्या तोंडाकडे कुणी बघितलं नाही.

चेन्नईला यायच्या आदल्या दिवशी तिने आपल्या नऊ कोंबड्या गल्लीत वाटून टाकल्या. आयुष्यभर तिच्या दारात कोंबड्या होत्या. मी शाळेत जायची, अभ्यास करायची, त्यामुळे मला त्यातलं काही म्हणजे काही येत नव्हतं.

आमचं भाड्याचं घर मुख्य रस्त्यापासून चार गल्ल्या आत, तळमजल्यावर. मागे थोडी मोकळी जागा, तिथे शेवग्याचं झाड, बोअरची मोटर, कपडे धुवायचा दगड आणि छातीभर उंचीची भिंत. वरच्या मजल्यावर घरमालकीण राहते. तिला सगळी गल्ली पाट्टी म्हणते, म्हणजे आजी. इकडच्या पुष्कळ घरांसारखं तीही रोज सकाळी भात शिजला की पहिला घास गच्चीच्या कठड्यावर ठेवते आणि "का, का" अशी हाक मारते. कावळे येऊन खातात, मग घर जेवतं. यात तिला विशेष काही वाटत नाही, आपल्याकडे तुळशीला पाणी घालावं तसं. पण आईने हे पहिल्यांदा पाहिलं आणि ती मागच्या दाराच्या चौकटीला धरून उभीच राहिली. दुसऱ्या दिवशी तिने वाटीत भात घेतला, वर तूप घातलं आणि मागच्या भिंतीवर ठेवला. गावाकडे अर्धा दिवस हलला नाही तो कावळा इथे दोन मिनिटांत आला. भात खाऊन भिंतीला चोच घासून गेला. आई रडली. दादा गेल्यापासून ती मोकळी अशी तेव्हाच रडली.

तेव्हापासून रोज सकाळी भिंतीवर दादांचा घास. मला बरं वाटलं. वाटलं, आता हिचं मन थाऱ्यावर येईल, जेवायला लागेल. तसं काही झालं नाही. कावळ्याला वाटीभर आणि स्वतःला दोन घास. वर जावयाचं घर. मागून घेणं तर सोडाच, वाढलेलंसुद्धा ती "पुरे, पुरे" करत मागे सारायची.

डॉक्टर म्हणाले, अंडी द्या, रोज दोन. दुकानातली पांढरी अंडी उकडून दिली तर तिने वास घेऊन बाजूला ठेवली. "ह्याला औषधाचा वास येतो." मग मी गावठी म्हणून विकतात ती तपकिरी अंडी आणली. तिने अंगठा जिभेला लावून टरफलावर घासला. अंगठा तपकिरी झाला. "चहाच्या पाण्यात बुडवल्यात," ती म्हणाली. "तुला फशिवलं."

"आणि खरं गावठी अंडं मिळालं तर खाशील?"

"मिळू दे तर."

या तीन शब्दांवर मी सगळा डोलारा उभा केला.

पाट्टीची परवानगी लागणार होती. ती स्वतः अंड्याला शिवत नाही, त्यामुळे मला धाकधूक होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सेवल वेंडाम." कोंबडा नको, पहाटे ओरडतो. आणि वास आला तर त्याच दिवशी कोंबड्या बाहेर. मी मान डोलावली आणि दोन नव्या काळज्या घेऊन जिना उतरले.

पोंगलनंतरच्या रविवारी केळंबाक्कमच्या पुढे एका बाईकडे गेलो. तिच्या अंगणात पाटीखाली पिल्लंच पिल्लं. मला खरं तर तलंगा हव्या होत्या, महिन्या-दोन महिन्यांत अंड्यावर येतील अशा. मोबाईलवर सगळे तेच सांगत होते. पण ती बाई म्हणाली, लहान घेऊन जा, हाताला सवय होते, मोठ्या कोंबड्या नव्या जागी रुसतात. ती इतक्या ठामपणे बोलत होती आणि मी इतकी घाबरलेली होते की महिनाभराची सहा पिल्लं खोक्यात घालून मी गाडीत बसले. वाटेत दर सिग्नलला खोक्याला कान लावत होते. नवरा म्हणाला, "जिवंत आहेत गं. ओरडतायत की." मी म्हटलं, "पाचच ओरडतायत."

घरी आल्यावर आईने खोक्यात डोकावून पाहिलं. मला वाटलं होतं तिचा चेहरा खुलेल. "किती?" तिने विचारलं. सहा म्हटल्यावर म्हणाली, "टिकतील तेवढी टिकतील," आणि आत निघून गेली. तेवढ्यात परत दारात आली. "पाण्याचं भांडं उथळ ठेव. बुडून मरत्यात." बस. त्यानंतर कितीतरी दिवस ती पिल्लांकडे फिरकलीही नाही. लळा लावायचा आणि पुन्हा वाटून टाकायच्या, हे तिला दुसऱ्यांदा नको असावं.

मी मात्र कामाला लागले. सुताराकडून खुराडं करून घेतलं, जमिनीपासून वर, घुशीला तोंड घालता येऊ नये म्हणून खाली बारीक जाळी. मका-तांदळाचा भरडा आणला. कोंबड्यांच्या मानमोडी रोगाची लस डोळ्यात कशी घालायची हे पाच वेळा पाहिलं आणि घालताना दोन थेंब स्वतःच्या मनगटावर सांडले. फ्रिजवर यादी चिकटवली: मांजर, मुंगूस, घूस, साप, मानमोडी, ऊन, गल्लीतला कुत्रा. नवऱ्याने खाली लिहिलं, "भूकंप". मी तो शब्द खोडला नाही.

यादीत कावळा नव्हता.

आता कुणाला सांगितलं तर कपाळाला हात लावतील, पण मला खरंच सुचलं नाही. कावळा माझ्या हिशेबी शत्रूत बसतच नव्हता. तो रोज येणारा, आईने तूपभात घालून जेवायला बसवलेला, घरातलाच म्हणायचा. खुराडं मी सकाळचं कोवळं ऊन मिळावं म्हणून मागच्या भिंतीला टेकून ठेवलं होतं. बरोबर त्याच भिंतीला, जिच्यावर रोज साडेसातला डझनभर कावळ्यांची पंगत बसायची.

आठव्या दिवशी सकाळी मी पिल्लांना पहिल्यांदा उन्हात मोकळं सोडलं. आई वाटी ठेवून दोन पावलं मागे सरली होती. कावळे उतरले. मी पाण्याचं भांडं भरायला वळले आणि मागे एक बारीक, चिरका आवाज आला. वळून पाहते तर एक कावळा पिल्लाच्या पाठीवर उभा, दुसऱ्याने दुसरं पिल्लू मानेला धरून भिंतीवर नेलेलं, तिथेच, भाताच्या शेजारी. मी ओरडले, चप्पल फेकली. बाकीची चार खुराड्याखाली घुसली. खालचं पिल्लू माझ्या हातातच गेलं. आईने सगळं पाहिलं. तिने पदर तोंडाला लावला आणि आत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही.

मी कावळ्यांना शिव्या घालायला तोंड उघडत होते आणि मिटत होते. शिवी द्यायची तरी कुणाला? माझा कावळ्या-बिवळ्यावर विश्वास नाही, असं मी चारचौघांत सांगते. पण आई रोज त्या भिंतीकडे बघून हळूच "जेवा" म्हणायची, ते मी ऐकलेलं होतं.

कोळ्यांकडची जुनी जाळी आणून मी निम्मी मोकळी जागा झाकून टाकली. तरी कावळे भिंतीवरून खाली बघत बसायचे आणि पिल्लं भेदरून कोपऱ्यात गोळा व्हायची. दाणा टिपायची नाहीत. भात बंद करायला हवा होता. पण ते आईला सांगायचं कुणी? नवरा म्हणाला, "मी नाही. त्यांना एवढाच एक आनंद आहे." तेही खरं होतं. शेवटी मी मधला मार्ग काढला, आणि माझं चुकलं ते तिथेच. मी आईला म्हटलं, "भिंतीवरचा घास मी गच्चीवर ठेवत जाते. पाट्टीचाही तिथेच असतो. तुझे गुडघे काही जिना चढायचे नाहीत."

तिने वाटी माझ्या हातात दिली. थोडा वेळ सोडली नाही, मग सोडली.

पहिले चार-पाच दिवस मी इमानदारीने वर गेले. मी खाली आले की ती विचारायची, "आले व्हते का गं? खाल्लं का?" मी हो म्हणायची, आणि ते खरं असायचं. मग एका सकाळी ऑफिसची मीटिंग आणि जिना एकदमच आले. वाटी हातात, पिल्लं जाळीला चोची लावून ओरडतायत. मी विचार केला, वर पाट्टीचा भात आहेच, कावळे काही उपाशी मरत नाहीत. तूपभाताने पिल्लं लवकर भरतील, लवकर अंड्यावर येतील, आणि ती अंडी शेवटी आईच्याच पोटात जाणार. वाटी मी जाळीच्या आत उपडी केली. पिल्लांनी मिनिटभरात सगळा भात टिपून साफ केला.

"खाल्लं का?" आईने विचारलं.

"खाल्लं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ते जास्त सोपं गेलं. आठवड्याभरात माझी जिना चढायची सवयच मोडली. दादांचा घास मी कोंबड्यांना घालत होते आणि मनाला बजावत होते की यात काही नाही. पण वाटी उपडी करताना मी मागच्या दाराकडे बघून घ्यायची, चोरी करणारं माणूस बघतं तसंच.

कावळे मात्र जुनी जागा सोडायला तयार नव्हते. भिंत रिकामी दिसली की ते आईच्या खिडकीच्या गजांवर येऊन ओरडायचे. आईचा पलंग त्या खिडकीलाच लागून. "वरती खाल्लं म्हणतीस," ती म्हणाली, "मग हितं का वरडत्यात?"

"सवय असते गं त्यांना."

"भूक असती," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

मार्चच्या शेवटी डॉक्टरांकडे गेलो. वजन आणखी उतरलं होतं. मला चक्रावल्यासारखं झालं, कारण मी घरी असेन त्या दिवशी तिचं ताट रिकामं होत होतं, आधीपेक्षा बरंच. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळीही असंच उतरलं तर दवाखान्यात भरती करून नाकातून नळी घालावी लागेल. आईला तमिळही कळत नाही आणि इंग्रजीही, पण त्यांनी नाकाकडे केलेली खूण तिला कळली. परतताना रिक्षात ती म्हणाली, "नळी नगं हं बाय. तसलं काय करू नगंस." मी तिचा हात धरला. माझ्या मुठीत तो पूर्ण मावला.

दोन दिवसांनी तिची चादर बदलताना खिडकीच्या कठड्यावर मुंग्यांची रांग दिसली. रांगेच्या टोकाला भाताची शितं. गजांवर कालवण वाळलेलं. मला सगळं एकदम उमगलं. मी ऑफिसला गेले की ती दुपारचं ताट घेऊन खिडकीशी बसत होती आणि आपला भात कावळ्यांना घालत होती. त्यांची सकाळची वाटी मी पळवली, म्हणून ती आपल्या तोंडचा घास त्यांना देत होती.

मी तिला काही बोलू शकले असते? "आई, भात का टाकतेस?" असं विचारलं की ती म्हणणार, "ते उपाशी हायत." मग मला सांगावं लागणार की ते उपाशी का आहेत. मी चादर घडी करून बाहेर आले. दुसऱ्या दिवसापासून मात्र वाटी घेऊन निमूटपणे गच्चीवर जायला लागले. कोंबड्या जाळीशी ओरडायच्या, मी तिकडे न बघता पायऱ्या चढायची. पण आता उशीर झाला होता. कावळ्यांना गच्चीवरचाही मिळत होता आणि खिडकीतलाही. ते खिडकी सोडणार कशाला?

आता सगळी मदार अंड्यावर. मी दिवस मोजत होते. चारातल्या एकाचा तुरा बाकीच्यांपेक्षा लालभडक व्हायला लागला तेव्हा मी दहा दिवस स्वतःची समजूत घातली की ही जरा तब्येतीने चांगली आहे. अकराव्या दिवशी पहाटे ती आरवली. पाट्टीने वरून मला फक्त "अम्मा" अशी हाक मारली आणि मी त्याच दिवशी कोंबड्याला केळंबाक्कमच्या बाईकडे पोचवून आले. राहिल्या तीन. मेमध्ये उन्हाने कहर केला. कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकायच्या. मी खुराड्यावर ओली पोती टाकून ऑफिसला जायची आणि तिथून दर तासाला आईला फोन करायची, "पोती वाळली का बघ ना." एक दिवस ती म्हणाली, "पोत्याचं बघते मी. तू तुझं काम कर." पुढच्या फोनला म्हणाली, "ताक पाजलंय." मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. आई तीन महिन्यांनी जाळीजवळ गेली होती. मला आनंद व्हायच्या आधी भीती वाटली, की ही उन्हात चक्कर येऊन पडली तर?

जूनमध्ये तुरे लाल झाले. हात जवळ नेला की कोंबड्या पंख पसरून खाली बसायला लागल्या. आई दारातून म्हणाली, "आल्या आता अंड्यावर." मी खुराड्यात पेंढ्याची टोपली ठेवली, शिंपल्यांचा चुरा ठेवला. डॉक्टरांची तारीख आठ दिवसांवर आली होती. रोज सकाळी मी टोपलीत हात घालायची आणि पेंढा तेवढा हाताला लागायचा.

ती सकाळ बुधवारची. मी घरूनच काम करणार होते. कोंबड्या आता मोठ्या झाल्या होत्या, कावळा त्यांच्या वाटेला जात नव्हता, म्हणून मी त्यांना जाळीबाहेर सोडलं होतं. आई मागच्या दाराशी आली. तिच्या मुठीत भात होता. माझ्यासमोर असं ती पहिल्यांदाच करत होती. भिंत धरत धरत ती पुढे गेली, भात भिंतीवर ठेवला आणि मागे सरली. मी बघूनही बघितलं नाही. वर एक कावळा येऊन बसला.

तेवढ्यात तांबड्या कोंबडीने कपडे धुवायच्या दगडाआड कलकलाट सुरू केला. मी धावले. टोपली, पेंढा, सगळं सोडून तिने उघड्यावर, ओल्या मातीत अंडं घातलं होतं. फिकट बदामी, लहानसं. मी वाकणार तोच कावळा माझ्या कानाजवळून खाली आला आणि त्याने अंड्यावर चोच मारली. कोंबडी पंख फडफडवत बाजूला झाली. मी नुसती "ए, ए" करत राहिले.

"अहो!"

आई होती. केरसुणी उचलून ती येत होती, आणि भिंत धरलेली नव्हती. "अहो, लाज वाटती का काय? भात ठेवलाय न्हवं तिकडं! लेकीच्या घरचं पयलं अंडं हाय त्ये! पिल्लं खाल्लीसा, त्यावर मी काय बोलले न्हाई. आता अंडंबी? हाट! व्हा तिकडं!" केरसुणी जमिनीवर आपटली तशी कावळा उडाला आणि शेवग्यावर जाऊन बसला. आईने खाली बसून अंडं उचललं. वरच्या टोकाला बारीक भोक पडलं होतं. तिने त्यावर अंगठा दाबला आणि दगडावर टेकली. तिचा ऊर धपापत होता. मला वाटलं, आता हिला काही होतंय, आणि त्या भीतीतच माझ्या तोंडून निघून गेलं.

"आई, दादांचा घास मी गच्चीवर नेत नव्हते. पुष्कळ दिवस कोंबड्यांना घालत होते."

"ठावं हाय."

"कशावरून?"

"तुला द्यायला वाटी घेऊन दारात आले की जाळीशी पळत येत व्हत्या की. वाटीतलं खाल्ल्याबिगर कोंबडी वाटी वळखती व्हय?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तू माझ्यासाठीच करत व्हतीस समदं. जावयाच्या घरात आनखी एक वाटी कुठं मागू? त्यांचा घास माझ्यातनं दिला." हे तिने अगदी सहज सांगितलं, दूध उतू गेलं म्हणून चहा कमी केला असं सांगावं तसं. मी तिच्या पायाशी मातीत बसले आणि मला रडू आवरेना. दहाव्याला नदीकाठी मी शब्द दिला होता, हिला काही कमी पडू देणार नाही. आणि मीच तिच्या तोंडचा घास काढला होता.

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, कारण एका हातात अंडं होतं आणि दुसऱ्यात केरसुणी. ती भिंतीकडे बघत होती. भात जसाच्या तसा होता. एक शीतही हललेलं नव्हतं.

"आगं," ती म्हणाली, "भाताला तोंड लावलं न्हाई त्यांनी."

मी डोळे पुसून वर पाहिलं. कावळा शेवग्यावर बसून पंख चोचीने साफ करत होता.

"उपाशी माणूस भात सोडून अंड्यामागं धावंल व्हय? पोट भरलंय त्यांचं. चोचलं सुचाय लागल्यात." ती हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, तरी अंगठा भोकावरून काढला नाही. "आन् मी हितं जिवाला लावून घेतलंय, की हे उपाशी गेले, उपाशी गेले."

कोंबड्या भिंतीखाली माती उकरत होत्या. तिने अंडं माझ्यासमोर धरलं.

"ह्याची पोळी घाल. मीठ जरा जास्त टाक. आन् भात हाय न्हवं? भूक लागलीय मला."

वर्ष होत आलं होतं, हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी आत जाऊन अंडं वाटीत फोडलं. घाईत टरफलाचा तुकडा आत पडला. तो चमच्याने काढेपर्यंत तिने मागच्या दारातून दोनदा विचारलं, झालं का.